गाडीवरचे ओरखडे: कोणते घासावेत, कोणते भरावेत आणि रंगकाम केव्हा करावे

चोपडा तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची गाडी गडद निळ्या मेटॅलिक रंगाची असून ती घेऊन दोन वर्षे झाली आहेत. शेतरस्त्याने जाता-येता वेड्या बाभळीच्या फांद्या घासून दोन्ही बाजूंच्या दारांवर पांढरट रेघांचे जाळे उमटले आहे. डाव्या मागच्या दारावर कोणीतरी किल्लीने ओढल्यासारखी वीतभर लांबीची एक रेघ आहे, आणि मागच्या बंपरचा कोपरा घराच्या फाटकाच्या खांबाला घासला आहे. एका गॅरेजने दोन्ही बाजू पूर्ण रंगवाव्या लागतील असे सांगितले, शेजाऱ्यांनी टूथपेस्ट सुचवली, आणि भाच्याने ओरखड्यात रंग भरण्याचा टच-अप पेन मागवून दिला. यांपैकी कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

धुळ्यात डेंटिंग-पेंटिंगचे काम करून मला 23 वर्षे झाली. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट ही सांगेन की आपल्या गाडीला एकच दुखणे नाही, तीन निरनिराळी दुखणी आहेत, आणि तिघांवर एकच औषध लावायला गेल्यास पैसा तरी वाया जाईल किंवा चांगला रंग तरी. गाडी समोर नसताना ठाम निदान करता येत नाही, हेही आधीच मान्य करतो. रेघा किती खोल आहेत, त्या दारांवर पूर्वी कधी रंगकाम झाले आहे का, गाडी उघड्यावर उभी असते की सावलीत, यावर पुष्कळ अवलंबून असते. मात्र ही तपासणी आपण घरच्या अंगणात स्वतः करू शकता.

त्यासाठी रंगाचे थर समजून घेणे आवश्यक आहे. पत्र्यावर सर्वांत खाली गंजविरोधी थर असतो, जो संपूर्ण सांगाडा रसायनाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला असतो. त्यावर प्रायमर, त्यावर निळा रंग म्हणजे बेस कोट, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लियर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला, तर गाडीचा संपूर्ण रंग दोन केसांच्या जाडीतच संपतो. त्यातला क्लियर कोट सुमारे 40 मायक्रॉनचा असतो. चकाकी त्याचीच असते आणि उन्हापासून संरक्षणही बहुतांशी तोच देतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. कारखान्यात हा रंग साधारण 140 अंश सेल्सिअसला भाजला जातो, कारण त्या वेळी सांगाड्यात वायरिंग, काचा, रबर, सीट यांपैकी काहीच बसवलेले नसते. तयार गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही. म्हणून आमच्याकडे हार्डनर मिसळून रासायनिक क्रियेने सुकणारा रंग वापरतात आणि चांगली बूथ, म्हणजे रंगकामाची बंद खोली, असली तरी तापमान 60 अंशांच्या आसपास ठेवतात. हा रंग वाईट नसतो, नीट मारला तर कित्येक वर्षे टिकतो. परंतु तो कारखान्याचा रंग नव्हे. त्यामुळे मूळ रंग ही शिल्लक ठेव आहे असे मी समजतो. ती घासण्यात खर्च होते, रंगवण्यात तर पूर्ण मोडते, आणि पुन्हा भरता येत नाही. स्वतः रंगाचे काम करून पोट भरणारा माणूस "शक्यतो रंगवू नका" म्हणतो याचे नवल वाटेल, पण माझी पहिली सूचना तीच आहे.

आपल्या दारांवरच्या पांढरट रेघांकडे येऊ. गडद गाडीवर पांढरी रेघ दिसली की रंग उडून खालचा प्रायमर दिसू लागला, असा बहुतेकांचा समज होतो. गॅरेजवाल्यानेही कदाचित त्याच समजाचा फायदा घेतला असेल, किंवा त्याने घाईत पाहिले असेल. वास्तविक पारदर्शक थराला चरा पडला की त्याच्या खडबडीत कडांवर उजेड विखुरतो आणि म्हणून ती जागा पांढरी दिसते. काचेच्या ग्लासला ओरखडा पडल्यावर तो पांढराच दिसतो, काचेच्या आत काही पांढरे दडलेले नसते, इथेही तसेच. हेच कारण पांढऱ्या गाडीला लागू होते, फक्त तिच्यावर हे चरे दिसत नाहीत एवढाच फरक.

म्हणून पाण्याची परीक्षा करावी. सकाळी गाडी सावलीत उभी करून दार स्वच्छ धुवावे, कोरडे करावे आणि मग एका रेघेवर ओल्या फडक्याने पाण्याचा पातळ थर द्यावा. पाणी चऱ्यात भरले की उजेड विखुरणे थांबते. रेघ दिसेनाशी झाली तर चरा क्लियर कोटमध्येच आहे. पाण्याखालीही पांढरी किंवा करडी रेघ जशीच्या तशी राहिली तर रंगाचा थर तुटला आहे. रेघेच्या तळाशी चकचकीत धातू किंवा तांबूस ठिपके दिसले तर प्रकरण पत्र्यापर्यंत पोहोचले आहे. नख अडकते का हे पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते आणि मीही ती वापरतो; मात्र तिच्यावर एकटीवर विसंबू नये. नख न अडकणारा चरा सहसा घासून जातो हे खरे, पण नख अडकले म्हणजे रंगवावेच लागेल असे नाही. नख फार बारीक फरकही टिपते. अशा मधल्या चऱ्याच्या कडा गोलसर करून तो पूर्ण न घालवता डोळ्याला न जाणवण्याइतका मंद करता येतो, आणि दोन वर्षांच्या गाडीवर मी बहुधा तेवढ्यावरच थांबतो.

बाभळीच्या, बोरीच्या किंवा हिवराच्या फांद्यांनी पडलेल्या रेघांचा माझा अनुभव असा आहे की दहापैकी आठ-नऊ रेघा पाण्याखाली नाहीशा होतात. फांदी लवचीक असते आणि तिचे टोक दारावरून सरकत जाते. खोल जातो तो वाळलेला, ताठ काटा, विशेषतः बांधावर तोडून ढीग घातलेल्या फाट्यांचा. पऱ्हाट्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चाटून गेलेली गाडी मात्र वेगळी, तिच्यावर खोल चरे जास्त असतात.

घासण्याचे काम करण्यापूर्वीची धुलाई ही अर्धी दुरुस्ती आहे, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे नुसती काळी माती नसते. तिच्यात मुरूम आणि खडीची कच असते. भुसावळकडच्या गाड्यांवर औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा थरही असतो. असा थर कोरड्या फडक्याने पुसला तर नव्या रेघांचे जाळे तयार होते. गाडी आधी भरपूर पाण्याने भिजवून माती सुटू द्यावी, मग कार-शाम्पूने मऊ हातमोज्याने वरून खाली धुवावी आणि मोजा बुडवायला दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाची आणि एक मोजा खंगाळण्याची. बोअरचे क्षारयुक्त पाणी उन्हात पत्र्यावर वाळू देऊ नये; त्याचे पांढरे डाग नंतर ओरखड्यांपेक्षा जास्त त्रास देतात.

त्यानंतर सौम्य कंपाऊंडपासून, म्हणजे रंग घासण्याच्या बारीक पूड असलेल्या लेपापासून, सुरुवात करावी. दाराचा वीतभर चौकोन घेऊन, फोमचा पॅड किंवा मायक्रोफायबर वापरून, बारीक पॉलिशने तो घासावा आणि पुसून उजेडात पाहावा. समाधानकारक वाटले तर तिथेच थांबावे. नाही वाटले तरच एक पायरी तीव्र कंपाऊंड घ्यावे आणि शेवटी पुन्हा बारीक पॉलिशने चकाकी आणावी. पाण्याचा पॉलिश पेपर, म्हणजे 2000 किंवा 3000 नंबरचा, हा त्याहून पुढचा उपाय आहे; तो एखाद्या हट्टी रेघेपुरता, भरपूर पाण्यात, हलक्या हाताने वापरायचा असतो. पूर्ण दारावर पेपर मारण्याचा सल्ला मी घरी काम करणाऱ्याला कधीच देणार नाही. पॅडवर निळा रंग येऊ लागला तर तत्क्षणी हात थांबवावा, कारण आपल्या गाडीत निळ्यावर पारदर्शक थर आहे आणि पॅडला निळा रंग लागणे म्हणजे तो थर संपला आहे. ट्रॅक्टर, जुने टेम्पो किंवा जुन्या पांढऱ्या गाड्यांच्या एकाच थराच्या रंगात मात्र पॅडला रंग लागणे स्वाभाविक असते, त्यामुळे अशा गाड्यांवर हात बसलेले कारागीर कधी कधी मेटॅलिकवर फसतात.

मी स्वतःही फसलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गडद गाडीच्या दारावरून मशीन फिरवताना दाराच्या मध्यावर जी उठावदार धार असते तिच्यावर पॅड क्षणभर रेंगाळला, आणि दुसऱ्या क्षणी तिथे मंद, निस्तेज पट्टा दिसू लागला. धारेवर आणि कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि मशीनचा सगळा दाब तिथेच एकवटतो. दार रंगवून द्यावे लागले, तेही पदरमोड करून. तेव्हापासून घासण्यापूर्वी प्रत्येक धार, दाराची कड आणि हँडलभोवतीची जागा मी मास्किंग टेपने झाकतो. आपणही झाकावी, हाताने काम करणार असाल तरीही.

खानदेशच्या उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. तापलेल्या पत्र्यावर कंपाऊंड लगेच वाळते, त्याची खरखरीत पूड होते आणि तीच नवे चरे पाडते. क्लियर कोटही उष्णतेने मऊ पडलेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, पत्रा हाताला गार लागत असतानाच करावे.

टूथपेस्टविषयी शेजाऱ्यांचे सांगणे अगदीच निराधार नाही. तिच्यात घासणारी बारीक पूड असते, म्हणून अगदी वरवरच्या खुणा थोड्या कमी होतात. पण ती पूड दातांसाठी बनवलेली आहे, रंगासाठी नव्हे. तिचे कण किती बारीक आहेत हे आपल्या हातात नसते. त्याच पैशांत कंपाऊंडची छोटी डबी येते. खोबरेल तेल, डिझेल किंवा रॉकेलचा फडका मारल्यावर चरे गेल्यासारखे वाटतात ते पाण्याच्याच तत्त्वाने, तेल चऱ्यात भरते म्हणून. चार दिवसांनी त्यावर धूळ चिकटते आणि चरे पुन्हा दिसतात. गाडी जुन्या बाजारात विकायला नेताना असे फडके मारलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

इथपर्यंतचे सार असे: दारांवरचे जाळे बहुधा घासून जाईल, रंगवण्याची गरज पडू नये. दुसरे प्रकरण म्हणजे किल्लीची रेघ, आणि तिथे घासणे हा उपायच नाही. थर तुटला असेल तर घासून तो परत येत नाही, उलट आजूबाजूचा चांगला थर पातळ होतो.

या रेघेत पत्रा दिसत असेल तर ती लवकर बंद करणे हे पहिले काम. आपला भाग कोकणासारखा दमट नाही, त्यामुळे गंज सावकाश चालतो. परंतु जून ते सप्टेंबर या काळात तो चालतोच, आणि रंगाखालून बाजूला पसरतो. वर फोड दिसेपर्यंत खाली बरेच नुकसान झालेले असते. तांबूस ठिपके आले असतील तर ते पॉलिश पेपरच्या टोकाने खरवडून, गंज-रोधक रसायन लावून, पुसून मगच पुढे जावे.

भाच्याने आणलेला टच-अप पेन इथे उपयोगी आहे, मात्र रंगाचा कोड जुळला पाहिजे. कोड सहसा दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. "निळा मेटॅलिक" एवढ्या नावावर बाटली घेऊ नये. रेघेतील मेण आणि तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा. बाटलीसोबत येणारा ब्रश बाजूला ठेवून टोकदार केलेली काडेपेटीची काडी किंवा दातकोरणे घ्यावे, आणि रंग रेघेच्या आत, काठाबाहेर न सांडता सोडावा. एकाच जाड थराने रेघ भरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण रंग वाळताना आकसतो आणि मध्ये खाच राहते. पत्रा उघडा असेल तर प्रथम प्रायमरचा एक पातळ थर, मग रंगाचे दोन-तीन थर आणि शेवटी क्लियर, प्रत्येकामध्ये पुरेसा वेळ ठेवून. शेवटचा थर पृष्ठभागापेक्षा किंचित उंच राहू द्यावा, आठवडाभर तो कडक होऊ द्यावा, आणि मग लहान सपाट ठोकळ्यावर 2000 चा पेपर लावून फक्त तो उंचवटा पाण्यात घासून सपाट करावा. त्यावर 3000 आणि कंपाऊंड. माझ्या हातूनही हे काम "ओळखू येणार नाही" असे होत नाही. चार फुटांवरून दिसू नये, एवढी अपेक्षा ठेवावी. मेटॅलिक रंगातील धातूचे कण गनमधून मारताना जसे पसरतात तसे काडीने पसरत नाहीत, म्हणून तिरप्या उजेडात ती रेघ थोडी गडद दिसतेच.

तेवढे चालणार नसेल तर ते एक दार रंगवावे. एकच दार. आमच्या भागात एका पॅनेलला, म्हणजे दारासारख्या एका भागाला, गाडी आणि रंगानुसार साधारण 3,000 ते 5,000 रुपये लागतात. दोन्ही बाजू रंगवायच्या म्हटल्या की तोच आकडा किती पटींनी वाढतो हे आपण जाणताच. गॅरेजला हे विचारावे की शेजारच्या पॅनेलवर रंग मिसळवत नेणार का, आणि त्यासाठी शेजारचा मूळ रंग कितपत घासणार. गडद मेटॅलिक रंगात एकाच कोडच्या अनेक छटा निघतात, गाडी उन्हात थोडी फिकीही झालेली असते, म्हणून चांगला कारागीर आधी पत्र्याच्या तुकड्यावर छटा मारून उन्हात आणि सावलीत गाडीशी ताडून पाहतो. तो असे करीत नसेल तर दुसरे गॅरेज शोधावे. हार्डनर असलेला टू-के क्लियर वापरणार का, हेही विचारावे. घरी स्प्रेच्या डबीने दार रंगवू नये. साध्या डबीतील क्लियरवर पेट्रोल सांडले तरी तो मऊ पडतो, आणि हार्डनरवाल्या डबीतील वाफ योग्य मास्कशिवाय फुप्फुसांना घातक असते.

रंगवायचे ठरलेच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला बरा वाटतो. मे महिन्यात रंग हवेतच अर्धा वाळून पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा बसतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर धूळ येते. पावसाळ्यात दमटपणामुळे चकाकी मंदावते. बूथ असलेल्या गॅरेजला या अडचणी कमी येतात, उघड्या शेडमध्ये काम होणार असेल तर मात्र महिना बघावा. तोपर्यंत त्या दारावर सिलिकॉनयुक्त पॉलिश किंवा टायरची चमक देणारा स्प्रे उडू देऊ नये, कारण त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात बारीक खड्डे पडतात, ज्यांना आम्ही फिश-आय म्हणतो.

बंपरचे थोडक्यात सांगतो. तो प्लास्टिकचा आहे, गंजणार नाही, त्यामुळे घाई नाही. शिवाय खांबाला घासल्यावर दिसणारे बरेचसे ओरखडे म्हणजे खांबाचाच ऑइलपेंट किंवा चुना चिकटलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा डांबर काढण्याच्या द्रवाने तो पुसून पाहावा. साधा थिनर वापरू नये, तो खालचा रंगही उचलतो. पुसल्यावर काय उरते ते पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा.

विम्याचा विचार मनात असेल तर हिशेब आधी मांडावा. 1,500 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यामागे 1,000 रुपये आपणच भरायचे असतात, आणि बाभळीच्या रेघा, किल्लीची रेघ आणि फाटकाचा खांब हे तीन निरनिराळे प्रसंग आहेत, एक नव्हे. झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा कलम, नसल्यास रंगाच्या साहित्यावर 50 टक्के घसाराही कापला जातो. शिवाय दावा न करता दोन वर्षे झाली असतील तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळणारी 25 टक्के नो-क्लेम सवलत दाव्याबरोबर जाते. एका दारासाठी हे बहुधा परवडत नाही.

आता क्रम असा ठेवावा. येत्या रविवारी गाडी धुऊन पाण्याची परीक्षा करावी, बंपर पुसून पाहावा, आणि किल्लीच्या रेघेत पत्रा दिसत असेल तर तिच्यात त्याच दिवशी निदान प्रायमर तरी भरावा. दारे घासण्याचे काम मात्र लगेच करू नये. त्याआधी कोयता घेऊन शेतरस्त्यावरच्या फांद्या छाटून घ्याव्यात आणि छाटलेले फाटे रस्त्याकडेला न टाकता बांधाच्या आत ओढावेत. नाहीतर आज घासलेल्या दारांवर पुढच्या पंधरवड्यात तेच जाळे उमटेल, आणि दुसऱ्यांदा घासायला क्लियर कोट आणखी पातळ झालेला असेल.